पाण्याचा दिवस

हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास सोलापुरात पोचते. यंदा उतरलो तो दिवस 12 जानेवारीचा होता. दुसऱ्या दिवसापासून सिद्धेश्वरांची यात्रा. आम्ही तिला गड्डा म्हणतो. गेली अठरा वर्षं मी पुण्यात, हडपसरला राहतो. या अठरा वर्षांत माझा गड्डा एकदाच चुकला, तोही करोनाच्या साली.

घरी माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. सोलापुरात मराठी घरातसुद्धा ताईची अक्का कधी होते ते कळत नाही; कानडी शेजार भिंतीतून झिरपतो. अक्का पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. वडील गेल्यापासून बाळीवेशीजवळचं आमचं माळवदी घर तीच सांभाळते. या वेळी तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये. घराचं बोलायचंय."

आत गेलो तर स्वयंपाकघरात परातभर दाणे भाजून ठेवलेले, संक्रांतीच्या शेंगापोळीसाठी. तिनं मान वर न करता विचारलं, "जेवलास का?" आणि लगेच, "आज निवांत झोपायचं नाही हं. पहाटे नळ येणार आहे. पाचवा दिवस आहे."

मग कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी पुढ्यात आली आणि बोलणं सुरू झालं. ते पहाटेपर्यंत चाललं. आठवतं तसं लिहितो. माझी बाजू जरा उजळ आठवत असेल, तर तो दोष माझा.

मी : आधीच सांगतो, घर विकायचं नाही.

अक्का : मी अजून तोंड उघडलं नाही.

मी : जुळे सोलापुरात फ्लॅट बघून आलीस ना?

अक्का : आले. दुसरा मजला, लिफ्ट, खाली सोसायटीची मोठी टाकी. महापालिका पाचव्या दिवशी पाणी सोडो नाहीतर सातव्या, घरातल्या नळाला रोज येणार. मी बावन्न वर्षांची झाले रे. पहाटे उठून मोटर लावायची, आधी हौद, मग पिंपं, मग वरची टाकी, मग अंघोळ, मग शाळा. अजून किती वर्षं?

मी : अक्का, मी या माळवदावर झोपून मोठा झालो. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडायचं, माती गार व्हायची, मग वर सतरंजी आणि सोलापुरी चादर. रात्रपाळीचा भोंगा झोपेत ऐकू यायचा. हे घर गेलं की माझं सोलापूर गेलं.

अक्का : माळवदावर तू झोपलास. त्यावरचं गवत कोण उपटतं? मिरगाच्या आधी पांढरी माती आणून कोण पसरवून घेतं? हे काम नीट येणारा एक म्हातारा होता, तोही तीन वर्षांपूर्वी गेला. मागच्या पावसात देवघरावर गळलं. देव उचलून दिवाणखान्यात आणले, तेव्हा मी तुला फोटो पाठवला होता. तू काय उत्तर पाठवलंस, आठवतंय?

मी : नाही.

अक्का : एक रडका चेहरा. त्याच्या खाली लिहिलंस, "पण पावसात मातीचा वास काय येत असेल!"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी चटणी वाढून घेतली. पण हरलो होतो असंही नाही. अठरा वर्षं मी जे मनात बाळगलं ते नुसता मातीचा वास नव्हतं, हे तिला पटवायचंच होतं.

मी : तू मला पर्यटक ठरवतेस. मी पुण्यात कुणालाही भेटलो की तिसऱ्या वाक्यात सोलापूर येतं. मित्र चेष्टा करतात. घर घेतानासुद्धा हडपसरला का घेतलं? कारण खालून जातो तो सोलापूर रस्ता. रात्री झोप आली नाही की गॅलरीत उभा राहतो आणि इकडच्या एसट्या मोजतो.

अक्का : मोज. पण तुझं सोलापूर म्हणजे नेमकं काय, ते एकदा सांग. मी खरंच विचारतेय.

मी : उद्यापासून निघतात ते सात नंदीध्वज. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, एकेक उंच काठी एकट्यानं कमरेवर तोलून धरणारी. अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, परवा संमती कट्ट्यावरच्या अक्षता. कुंभाराच्या लेकीला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं. ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. त्या लग्नाच्या अक्षता टाकायला आजही सगळं गाव लोटतं. संमती वाचल्या जातात कानडीत, ऐकणारे मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारे, आणि अक्षता कधी टाकायच्या ते सगळ्यांना बरोबर कळतं. असं गाव दुसरं दाखव.

अक्का : नाही दाखवणार, कारण नाहीच. पण त्या सिद्धरामांनी गावासाठी काय केलं, ते तू सांगितलं नाहीस.

मी : अडुसष्ट लिंगं स्थापली. वचनं लिहिली.

अक्का : तळं खोदलं. बाराव्या शतकात या कोरड्या मुलखात माणसं गोळा केली आणि तळं खोदलं. अल्लमप्रभू इथं आले तेव्हा त्यांनी सिद्धरामांना काय म्हणून हाक मारली? वड्ड. दगडमाती उपसणारा. टोमणाच होता तो, पण मला तीच पदवी मोठी वाटते. तू त्या तळ्याच्या मधोमध असलेल्या देवळाचा संध्याकाळचा फोटो काढतोस. सुरेख येतो. पण ज्यानं पाण्यासाठी माती उपसली, त्याच्या गावात पाणी पाच दिवसांनी येतं. हे तुझ्या फोटोत कुठं दिसतं?

मी : हेच सिद्धराम पुढे अल्लमांबरोबर कल्याणला गेले, हे पण सांग की. बसवण्णांच्या अनुभवमंडपात बसले. सोन्नलिगे, म्हणजे तेव्हाचं सोलापूर, सोडून. म्हणजे गाव सोडून जाणाऱ्यांची परंपरा खुद्द ग्रामदैवतापासून आहे.

अक्का : (हसून) हे बरं शोधलंस. पण परत आले. समाधी इथंच आहे.

मी : मी पण दर वर्षी परत येतो.

अक्का : तू येतोस. ते परतले. हे तुझ्या पुण्यातल्या मराठीत एकच असेल, आमच्याकडे नाही.

‘पुण्यातल्या मराठीत’ हा जुना वाद. मी घरात शिरताना "काय करतीयेस?" असं विचारलं होतं. सोलापुरात "काय करलालीस?" असं विचारतात. हडपसरच्या पहिल्या वर्षी ऑफिसात माझ्या तोंडून "काय करलाला बे" निघालं आणि सगळे हसले. त्यानंतर ते ‘लाला’ आणि तो ‘बे’ मी सोमवार ते शुक्रवार घरी ठेवायला शिकलो. आता ते फक्त सोलापूरच्या मित्राचा फोन आला की बाहेर पडतात. अक्काला हे माहीत आहे. तिनं मुद्दामच तिथं बोट ठेवलं.

रात्री बाराच्या सुमारास ती उठून हौदाचं झाकण काढून आली. तळाला चार बोटं पाणी होतं. ते बादलीत घेऊन तिनं हौद घासायला घेतला. मी दुसरा ब्रश घेऊन खाली उतरलो. पुढचा वाद हौदातूनच झाला.

मी : आज बारा जानेवारी. स्टेशनवरून येताना चार पुतळ्यांना हार दिसले.

अक्का : सकाळी शाळेतून मुलांना घेऊन गेले होते.

मी : मग मला सांग, 1930 च्या मे महिन्यात हे शहर इंग्रजांच्या हातून निसटलं होतं. मार्शल लॉ लावल्याशिवाय त्यांना ते परत घेता आलं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार नावं, चार घरांतली, आणि एकाच पहाटे फाशी. त्या शहराचा अभिमान वाटायला मी इथं पाणी भरलंच पाहिजे का? अभिमानाला रहिवासाचा दाखला लागतो?

अक्का : लागत नाही. पण त्यांना फाशी कुठं दिली?

मी : येरवड्याला.

अक्का : म्हणजे पुण्याला. 12 जानेवारी 1931. तेव्हाही सोलापूरची चांगली पोरं पुण्याला नेली आणि ती परत आली नाहीत. आता त्यांच्याच नावाची गाडी आहे. रोज सकाळी सुटते, चार तासांत पुण्याला उतरवते. मी स्टेशनवर किती जणांना पोचवायला गेले असेन. माझ्या वर्गातली हुशार मुलं, बॅगा घेऊन, नवे बूट घालून. गाडीवर नाव काय? हुतात्मा. मला दर वेळी वाटतं, या नावाचा अर्थ आम्हाला कळलेलाच नाही.

मी : हे जरा जास्त होतंय. मी शिकायला, नोकरीला गेलो. फाशी जायला नाही.

अक्का : जास्त होतंय, कबूल. पण एक बघ. द्वारकानाथ कोटनीस इथंच जन्मले, 1910 साली. 1938 ला चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत करत 1942 ला तिकडंच वारले. मोठा माणूस, वादच नाही. शांताराम बापूंनी सिनेमा काढला, आपण इथं स्मारक केलं. वालचंद हिराचंद इथले. जहाजं, विमानं, मोटारी, सगळं उभं केलं ते बाहेर जाऊन. या गावाची रीत आहे, जो गेला त्याचं स्मारक, जो राहिला त्याला पाणीपट्टी.

हौद घासून झाला होता. मी वर आलो, पाय पुसले. तिच्या या वाक्याला उत्तर नव्हतं, पण माझ्याकडे एक प्रश्न होता. तो मी बरीच वर्षं विचारायचं टाळत आलो होतो.

मी : अक्का, त्या हुशार मुलांना पुण्याला जा असं सांगतं कोण?

ती गप्प राहिली.

मी : मला कुणी सांगितलं? बारावीचा निकाल लागला तेव्हा बाबा म्हणत होते, इथंच कॉलेजात घाल. तू म्हणालीस, नाही, त्याला बाहेर काढा. इथं काही उरलं नाही. तू सांगितलंस म्हणून मी गेलो. आणि आता तूच मला विचारतेस की तुझं सोलापूर म्हणजे काय?

अक्का : (बऱ्याच वेळानं) सांगितलं. आजही सांगते. माझ्या वर्गात निम्मी मुलं पद्मशाली. आजोबा-पणजोबा तेलंगणातून इथं मागावर काम करायला आले. ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मुलाच्या बापाला आठवड्यातले किती दिवस माग चालेल ते सांगता येत नाही. आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी, आणि हजार व्हायला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मान वर काढायची नाही. मुलगी शाळेतून गेली की पानं कापायला बसते. त्या मुलीला काय सांगू? इथंच राहा, इथली शेंगाची चटणी फार छान असते?

मी : तू तिला हेही सांगू शकली असतीस की तिच्या आज्यानं हे शहर विणलं. 1877 साली इथं जुनी गिरणी उभी राहिली. ती 1949 ला मालकांनी बंद पाडली तेव्हा नुकतंच जन्मलेलं भारत सरकार वटहुकूम काढून ती ताब्यात घ्यायला धावलं, आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. देशभर कायदा शिकणारी पोरं आजही सोलापूर गिरणीचा खटला वाचतात. आपल्या वर्गातल्या पोरांना ते ठाऊक नाही. ज्या गावातल्या मुलाला पहिलीपासून ‘इथून बाहेर पड’ एवढंच शिकवलं जातं, त्या गावासाठी पुढे भांडणार कोण? तुम्ही राहिलेली माणसं तक्रार करता, आणि ती तक्रार पोरांच्या कानात इतकी भरता की गाव म्हणजे फक्त निसटायची जागा होऊन बसते. माझं प्रेम फुकटचं असेल. पण प्रेम न शिकवणंही फुकटच पडत नाही, अक्का.

ती उठली. चहा टाकला. गॅसकडे तोंड करून बोलत राहिली.

अक्का : हे लागलं. खोटं नाही बोलणार. पहिलीच्या वर्गात मी पाणी शिकवते तेव्हा काय करते, सांगू? फळ्यावर पेला काढते. एक पोरगं ‘नीळ्ळु’ म्हणतं, एक ‘नीरु’ म्हणतं, एक ‘पानी’, एक ‘पाणी’. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी. मी चारही लिहिते आणि चौघांना चारही म्हणायला लावते. दहा मिनिटं वर्ग नुसता खिदळतो. त्या दहा मिनिटांत मला वाटतं की जगात दुसरीकडे कुठं मला नोकरी मिळाली तरी मी जाणार नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मी : का?

अक्का : कारण तू त्याची गोष्ट करून पुण्यात सांगितली असतीस. आणि लोक म्हणाले असते, वा, काय सुंदर गाव. आणि पेल्यातलं पाणी पाच दिवसांनीच आलं असतं.

मी हसलो. तीही हसली. मग तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि अगदी सहज, धडा शिकवावा तसा, पुढचा प्रश्न विचारला.

अक्का : तू सकाळी हडपसरला अंघोळ करतोस. ते पाणी कुठं जातं?

मी : गटारात.

अक्का : पुढे?

मी : मुळा-मुठेत जात असेल.

अक्का : तिथून भीमेत. भीमा कुठं येते?

मी : उजनीला.

अक्का : आणि मी काय पिते?

आमच्या घरातलं पाणी उजनीचं आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शंभर किलोमीटरहून लांबून नळातून येतं, काही भाग नदीत सोडून टाकळीजवळ उचलतात. उजनी किती मोठं ते प्रत्येक सोलापूरकराला पाठ असतं. सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात ‘धरण उणेत गेलं’ हे वाक्य इथं भाजीच्या भावासारखं बोललं जातं. पुण्यात ते कुणाला समजत नाही. पुण्याचं सांडपाणी त्याच नदीनं खाली येतं, तेही वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींना जोडल्या नव्हत्या. अठरा वर्षं मी गॅलरीतून सोलापूर रस्त्याकडे पाहत उसासे टाकले, आणि त्याच घराच्या मोरीतून माझं वापरलेलं पाणी माझ्या आधी गावाला पोचत होतं.

अक्का : तू म्हणतोस सोलापूरशी तुझं नातं मनाचं आहे. मनाचं राहू दे. पाण्याचं नातं आहे ते आधी बघ. पुण्यात वर पावसाळ्यात धरणं भरली की तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता. तिथून सोडलेलं पाणी उजनीत किती येतं त्यावर आमचं वर्ष ठरतं. तुमच्या नदीत काय सोडलं जातं त्यावर आमचं पोट. तू तिथला मतदार आहेस. घरपट्टी भरतोस. कधी तिथल्या नगरसेवकाला विचारलंस, मैलापाणी शुद्ध करून सोडता का म्हणून?

मी : नाही विचारलं.

अक्का : मग तुझा सोलापूरचा अभिमान पुण्यात काय कामाचा? तिथंच तर तो कामाला आला असता.

हा मुद्दा मला आजही सोडत नाही. गाव सोडलेल्या माणसाचा समज असा असतो की गावासाठी काही करायचं म्हणजे गावी यायचं, देवळाला देणगी द्यायची, शाळेला पंखे द्यायचे. आपण जिथं राहतो तिथूनच गावाचं भलं किंवा वाईट घडत असतं, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. सोलापूरचं पाणी पुण्यात ठरतं. कोकणातल्या घराचं कुलूप मुंबईतल्या पगारावर ठरतं. नकाशावर आपण दूर गेलेलो असतो, व्यवहारात नव्हे.

पण अक्कालाही मी एका जागी पकडलं होतं, आणि ते तिनंच पुढे मान्य केलं. सव्वातीन वाजले होते. आम्ही दोघं माळवदावर गेलो होतो. टाकीचा पाइप नीट बसलाय का ते बघायला, असं ती म्हणाली. खाली गल्लीत एकेका घराचा दिवा लागत होता. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली दिवाळीसारखी पहाटे उठते.

अक्का : शेवटची इथं कधी बसले होते, आठवत नाही. येते ते गवत उपटायला नाहीतर टाकी बघायला.

मी : समोर काय दिसतं बघ.

अक्का : किल्ल्याच्या बाजूची यात्रेची रोषणाई. (थांबून) मी गेली सात-आठ वर्षं अक्षतांना गेलेली नाही. गर्दी, पाय दुखतात, शाळेचे पेपर. टीव्हीवर बघते. तू पुण्याहून येतोस आणि जातोस. मी पंधरा मिनिटांवर असून जात नाही.

मी : मग परवा चल.

अक्का : परवा शेंगापोळ्या कोण लाटेल?

मी : आपण दोघं. सकाळी लवकर.

अक्का : तुला लाटता येत नाहीत. सारण बाहेर येतं.

मी : तू टीव्हीवर बघतेस ते चालतं, मग फाटलेल्या पोळ्याही चालतील.

4 वाजून 40 मिनिटांनी खाली नळातून आधी हवेचा फुत्कार आला, मग गढूळ चार थेंब, मग धार. अक्का जिन्यावरून ज्या वेगानं उतरली तो बावन्न वर्षांच्या बाईचा नव्हता. शेजारच्या घरांच्या मोटरी एकामागून एक सुरू झाल्या. प्रत्येक मोटर दुसऱ्याच्या धारेतलं पाणी ओढते, म्हणून प्रत्येकाला मोटर लावावी लागते. हे सगळ्यांना कळतं आणि कुणाला थांबवता येत नाही. पुढचा तास-सव्वा तास आम्ही बोललो नाही. हौद, पिंपं, टाकी, घागरी, कळशा, शेवटी तांबेसुद्धा. सहाला धार बारीक झाली. माझे खांदे भरून आले होते. अक्का पदराला हात पुसत म्हणाली, "झालं. आता पुढच्या शनिवारपर्यंत आपण श्रीमंत."

घराचं आम्ही ठरवलं. तिला हवा असेल तर फ्लॅट घ्यावा, हे घर विकायचं की ठेवायचं तेही तिनंच ठरवावं. कागदावर माझा निम्मा वाटा आहे. पण गेली अठरा वर्षं या घरात जितकं पाणी भरलं गेलं त्यात माझा वाटा दर वर्षीच्या दोन-तीन पहाटांचा. सही कुठं करायची ते दाखव, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पावसाळ्यापर्यंत बघू. मला वाटतं तिलाही माळवद सोडवत नाही. पण ते तिनं म्हणायचं. तिच्या वतीनं मी म्हणायचं नाही.

14 तारखेला आम्ही दोघं संमती कट्ट्यापाशी उभे होतो. पोळ्या फाटल्या होत्या. अक्षता टाकताना अक्काचा नेम चांगला होता, माझा गेला पुढच्या गृहस्थाच्या टोपीवर.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम काय केलं ते सांगतो, मोठेपणासाठी नव्हे. आमच्या सोसायटीचा स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. तो महिन्यातले किती दिवस चालतो, असा प्रश्न मी सभेत विचारला. अठरा वर्षांत मी सोसायटीच्या सभेत पहिल्यांदाच तोंड उघडलं. शेजारी म्हणाले, तुम्हाला अचानक काय झालं? मी म्हणालो, माझी बहीण सोलापूरला असते. त्यांना त्याचा संबंध कळला नाही. तो समजावून सांगायला अर्धा तास लागला, आणि माझ्या तोंडून सोलापूरचं नाव निघालं त्या सगळ्या अर्ध्या तासांमध्ये हाच एक कामाचा होता.

आपापलं गाव सोडून आलेल्या वाचकांना माझं एकच सांगणं आहे. गावी फोन कराल तेव्हा हवापाणी कसं आहे म्हणून विचारताच. या वेळी हवा राहू द्या, नुसतं पाणी विचारा. कुठून येतं, किती दिवसांनी येतं, कोण भरतं. आमच्याकडे आज तिसरा दिवस आहे. परवा पहाटे अक्काला उठायचं आहे.